घाईची पदवी आणि बाईचा वेळ



‘घरबसल्या, नोकरी सांभाळून, वर्षाच्या आत मास्टर्स!’ अशा मजकुराच्या जाहिराती तुमच्याही मोबाईलवर येत असतील. आपल्या गटांमधल्या अनेकींच्या मोबाईलवर त्या येतात आणि मग आमच्याकडे विचारणा होते. कुणी समुपदेशन केंद्रात दहा-बारा वर्षं काम करते आहे, कुणी बचत गटांच्या फेडरेशनमध्ये आहे, कुणी शाळेत मानधनावर शिकवते आहे. प्रत्येकीचा प्रश्न जवळपास तोच: ‘ताई, हा कोर्स करू का? लवकर होतो म्हणतात.’

प्रश्न वरवर व्यक्तिगत वाटतो. कोणता कोर्स घ्यावा, कुठे फी भरावी, हा ज्याचा त्याचा निर्णय. त्यावर स्त्री-संघटनेच्या त्रैमासिकाने संपादकीय का लिहावं, असं कुणी विचारेल. पण ‘लवकर’ या एका शब्दाभोवती बाईचा वेळ, बाईचं घर, बाईचा पैसा आणि बाईच्या अनुभवाची किंमत असे चारही प्रश्न येऊन उभे राहतात. हे प्रश्न आपण चाळीस वर्षांहून अधिक काळ मांडत आलो आहोत. म्हणून यावर सविस्तर लिहायचं ठरवलं.

आधी हे समजून घेऊ या की आपल्या कार्यकर्तींना अचानक पदव्युत्तर पदवीची इतकी निकड का वाटू लागली. १९८० साली मथुरा खटल्याच्या निकालाविरुद्ध बायका रस्त्यावर आल्या तेव्हा कुणी कुणाची पदवी विचारली नव्हती. मारहाण झालेल्या बाईला घेऊन पोलीस चौकीवर जाणं, तक्रार नोंदवून घ्यायला लावणं, रात्री तिच्या निवाऱ्याची सोय करणं, हे सगळं आपण करता करता शिकलो. पुढे यातल्या काही कामांना सरकारने मान्यता दिली, ही आपल्याच लढ्याची मिळकत. १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि तो पुढे राज्यभर पसरला. २००५ साली कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा झाला. २०१५ पासून ‘सखी’ वन स्टॉप सेंटरं आली. काम वाढलं, पदं निर्माण झाली, आणि पदांबरोबर पात्रतेच्या अटी आल्या: एमएसडब्ल्यू, कायद्याची पदवी, मानसशास्त्रातलं एम.ए.

अट असणं गैर आहे असं मी म्हणत नाही. पीडित बाईसमोर बसणाऱ्या व्यक्तीचं प्रशिक्षण व्हायलाच हवं. पण त्यातून होतं काय, तर वीस वर्षं केसेस हाताळलेली कार्यकर्ती मुलाखतीच्या दारातच अडते आणि काल कॉलेजातून बाहेर पडलेली मुलगी खुर्चीवर बसते. मग ती मुलगी केस कशी हाताळायची हे याच कार्यकर्तीला विचारायला येते. या अपमानातून वाट काढायची म्हणून चाळिशी-पन्नाशीच्या बायका पुन्हा अभ्यासाकडे वळताहेत. त्यांना घाई आहे, कारण पुढची जाहिरात कधी निघेल सांगता येत नाही. त्यांची ही घाई जाहिरात करणाऱ्यांनी बरोबर ओळखली आहे.

तेव्हा पहिला प्रश्न असा: वर्षाच्या आत मास्टर्स खरंच होतं का?

परदेशात होतं. ब्रिटनमध्ये एक वर्षाची पदव्युत्तर पदवी नेहमीचीच आहे आणि अमेरिकेतली काही विद्यापीठं वर्ष-दीड वर्षात पूर्ण होणारे वेगवान ऑनलाइन अभ्यासक्रम चालवतात. आपल्याकडच्या जाहिरातींनी भाषा तिथूनच उचलली आहे. पण आपल्याकडचा नियम वेगळा आहे. दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षण यांच्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२० ची नियमावली आहे. तिच्यानुसार अभ्यासक्रम ऑनलाइन असला तरी त्याचा किमान कालावधी वर्गात बसून करायच्या अभ्यासक्रमाइतकाच असतो. घरी बसून केला म्हणून तो कमी होत नाही.

एक वर्षाचं मास्टर्स आता आपल्याकडेही आलं आहे, हे खरं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२४ साली आयोगाने पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा जो आराखडा जाहीर केला, त्यात एक वर्षाची सोय आहे. पण ती चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांसाठी. तुमच्या-माझ्यासारख्या बहुतेकींचं बी.ए., बी.कॉम. तीन वर्षांचं आहे. तीन वर्षांची पदवी असेल तर मास्टर्सला दोन वर्षं लागतात. २०२४ च्याच अखेरीस आयोगाने वेगवान पदवीचीही मुभा दिली. जास्त श्रेयांक घेऊन पदवी लवकर पूर्ण करण्याची ही सोय आहे, पण ती बी.ए., बी.कॉम.सारख्या पहिल्या पदवीसाठी आहे, मास्टर्ससाठी नाही. जाहिरातीत हे सगळे नियम एकत्र कालवून ‘आता सरकारनेच परवानगी दिली आहे’ असं सांगितलं जातं. म्हणून हा फरक लक्षात ठेवायला हवा. तीन वर्षांच्या पदवीवर वर्षाच्या आत भारतीय विद्यापीठाचं मास्टर्स मिळवून देतो असं जो सांगतो, तो एक तर मागच्या तारखेचा प्रवेश दाखवणार असतो किंवा पदवीच्या नावाखाली साधं प्रमाणपत्र देणार असतो. मागच्या तारखेच्या पदवीचं बिंग नोकरीच्या वेळी कागदपत्रं तपासताना फुटतं. एजंट तेव्हा जागेवर नसतो. नोकरी बाईची जाते, आणि फसवणुकीचा गुन्हाही बाईवरच दाखल होऊ शकतो.

मग दोन वर्षांचा अधिकृत अभ्यासक्रम घेतला की झालं का? तिथे दुसरा प्रश्न येतो आणि माझ्या मते तोच मुख्य आहे: वेळ कुणाचा?

जरा हिशेब मांडू या. दोन वर्षांचं मास्टर्स साधारण ८० श्रेयांकांचं असतं. दूरशिक्षणात एका श्रेयांकाला ३० तासांचा अभ्यास धरलेला आहे. म्हणजे एकूण २४०० तास. दोन वर्षांत भागले तर सुट्टी न घेता, सणवार न पाळता, रोज सुमारे १९७ मिनिटं, म्हणजे सव्वातीन तासांच्या थोडं वर.

आता दुसरा आकडा. केंद्र सरकारने २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात असं दिसलं. घरकाम करणाऱ्या पुरुषाची जातात ८८ मिनिटं. यात मुलांचं, आजाऱ्यांचं, म्हाताऱ्यांचं करणं धरलेलं नाही; त्याचा हिशेब वेगळा आहे. शिवाय ही सरासरी घरकाम करणाऱ्यांचीच आहे. जो पुरुष इकडची काडी तिकडे करत नाही तो या ८८ मिनिटांत मोजलेलाच नाही.

२८९ मधून ८८ वजा करा. उरतात २०१ मिनिटं.

मास्टर्सला रोज लागतात १९७ मिनिटं, आणि बाईच्या नि पुरुषाच्या घरकामातला फरक आहे २०१ मिनिटांचा. मी हा हिशेब दोनदा करून पाहिला. घरातल्या पुरुषाने जेवढं काम टाळलं आणि बाईने उचललं, तेवढ्याच वेळात एक पदव्युत्तर पदवी होते, दर दोन वर्षांनी एक. विद्यापीठं म्हणतात बायकांकडे जिद्द हवी, घरचे म्हणतात हौस असेल तर कर बाई, आणि जाहिरात म्हणते वेळेचं नियोजन शिका. पण नियोजन करायला वेळ शिल्लक असावा लागतो. तो आधीच दुसऱ्याने खर्चून टाकलेला आहे.

म्हणून ‘वेगवान’ या शब्दाकडे मी संशयाने पाहते. अभ्यासाचे तास कुणालाही कमी करता येत नाहीत. ते कमी दिवसांत कोंबता येतात, एवढंच. हेच २४०० तास एका वर्षात बसवायचे तर रोज साडेसहा तास लागतील. नोकरी आणि घर सांभाळून हे साडेसहा तास येणार कुठून? झोपेतून. म्हणजे बाईच्या अंगातून. आणि तेवढा अभ्यास न करताच पदवी हाती पडणार असेल, तर त्या कागदाच्या आधारे आपण मार खाऊन आलेल्या बाईला सल्ला द्यायला बसणार आहोत, हेही विसरून चालणार नाही.

तिसरा प्रश्न ‘घरबसल्या’ या शब्दाचा. आपल्या भागात बाईचं शिकणं आणि बाईचं घराबाहेर पडणं या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्या. १८४८ साली पुण्यात सावित्रीबाई शाळेत शिकवायला निघाल्या तेव्हा लोकांनी दगड-शेण मारलं ते त्या रस्त्यावर चालल्या म्हणून. दूरशिक्षण आलं तेव्हाही पुस्तकं घरी आली, तरी अभ्यासकेंद्रावर जावं लागत असे. रविवारच्या संपर्कसत्राला सकाळची एसटी पकडून तालुक्याला जाणं, चार अनोळखी बायकांबरोबर डबा खाणं, ‘मी परीक्षेला आले आहे’ असं मोठ्यांदा सांगणं, हे सगळं त्या शिक्षणाचाच भाग होतं. पुष्कळ बायकांनी सांगितलं आहे की पुस्तकातलं कमी आणि त्या रविवारांमधलं जास्त लक्षात राहिलं. त्यातूनच पुढे कुठे बचत गट उभा राहिला, कुठे दारूबंदीचं आंदोलन.

ऑनलाइन शिक्षणाचे फायदे आहेत, ते मी नाकारत नाही. जिला मूल लहान आहे, जिला अपंगत्व आहे, जी गावात आहे आणि जिच्या गावाला दिवसातून दोनच गाड्या येतात, तिच्यासाठी ते दार उघडणारं आहे. पण ज्या घराच्या चार भिंतींमधून तिला बाहेर पडायचं होतं, शिक्षण त्याच भिंतींच्या आत आणून ठेवलं की घरच्यांचं फावतं, हेही पाहायला हवं. ‘आता घरीच होतं ना, मग बाहेर कशाला जायचं?’ व्याख्यान ऐकताना कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या. कुणी आलं तर कानातलं काढून चहा टाकायचा. आणि परीक्षा? घरूनच देखरेखीखाली परीक्षा घेतली जाते तेव्हा कॅमेरा सुरू ठेवावा लागतो. खोलीत दुसरं कुणी नको, आवाज नको, उठायचं नाही. एका खोलीच्या घरात पाच माणसं राहत असतील तर ही खोली कुठून आणायची? व्हर्जिनिया वुल्फने बाईला स्वतःची खोली हवी असं १९२९ साली लिहिलं. आपण त्यावर शिबिरांमधून चर्चा केल्या. ती खोली आता प्रवेशअर्जातली न लिहिलेली अट झाली आहे.

आणि मोबाईल? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३३ टक्के बायकांनी आणि ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं होतं. त्यानंतर वापर वाढला असला, तरी घरात एकच चांगला फोन असेल तर तो कुणाच्या खिशात असतो, हे सांगायला पाहणीची गरज नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं ब्रीद आहे ‘ज्ञानगंगा घरोघरी’. गंगा घरोघरी पोचली खरी, पण घरातली पाण्याची घागर अजून कुणाच्या डोक्यावर आहे, हा आपला प्रश्न शिल्लकच आहे.

हे सगळं वाचून ‘मग शिकायचंच नाही का?’ असं कुणाला वाटेल, तर अजिबात तसं नाही. शिकायचं, जरूर शिकायचं. पण जाहिरातीच्या घाईने नाही, आपल्या वेळाने आणि डोळे उघडे ठेवून. त्यासाठी काही गोष्टी नीट माहीत करून घ्यायला हव्यात.

पहिली गोष्ट मान्यतेची. विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे एवढं पुरत नाही. तोच विषय, त्याच सत्रासाठी, ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने शिकवायला त्या विद्यापीठाला परवानगी आहे का, हे पाहायचं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर ही यादी असते. गटात एखादी तरी मुलगी हे शोधू शकते, तिला जवळ घेऊन बसा. आता प्रवेशासाठी विद्यार्थिनीला स्वतःचा डेब आयडी काढावा लागतो. तो स्वतःच काढावा, एजंटाला काढू देऊ नये. अशी परवानगी असलेल्या अभ्यासक्रमाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी, असं आयोगाने २०२२ साली स्पष्ट केलं आहे. ‘ऑनलाइन पदवी चालत नाही’ असं कुणी तोंडावर फेकलं तर हे दाखवता येतं.

दुसरी गोष्ट विषयाची. ही विशेषतः आपल्या समुपदेशक मैत्रिणींसाठी. आपल्यातल्या पुष्कळजणी मानसशास्त्रात एम.ए. करायचं म्हणतात. पण २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून आयोगाने मानसशास्त्र, पोषण आणि आहारशास्त्र असे आरोग्याशी निगडित विषय दूरशिक्षण आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला बंदी केली आहे. त्या सत्रापासून पुढे या विषयाला कुणी ऑनलाइन प्रवेश देऊ करत असेल तर पैसे भरू नका. कायदा आणि नर्सिंग यांच्या पदव्याही अशा पद्धतीने मिळत नाहीत. आणि एक लक्षात ठेवा, मानसशास्त्रातलं एम.ए. झालं म्हणून कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. समाजकार्याचा मार्ग मात्र खुला आहे. इग्नूचं एमएसडब्ल्यू आहे, स्त्री-अभ्यासातलं एम.ए.सुद्धा आहे. एमएसडब्ल्यूमध्ये क्षेत्रकार्य सक्तीचं असतं. ते कुठे करायचं, आपल्याच संस्थेतलं काम त्यात धरलं जाईल का, देखरेख कोण करणार, हे फी भरण्यापूर्वी विचारायचं. क्षेत्रकार्याशिवाय समाजकार्याची पदवी देतो असं कुणी म्हणालं तर तिथूनच मागे फिरावं.

तिसरी गोष्ट मध्यस्थांची. परवानगी विद्यापीठाला असते, ती दुसऱ्या कुणाला फ्रँचाइझी म्हणून चालवायला देता येत नाही. शिक्षणाचा धंदा करणाऱ्या कंपन्यांशी असे करार करू नयेत, असं आयोगाने आणि तंत्रशिक्षण परिषदेने जानेवारी २०२२ मध्ये बजावलं आहे. अशा कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या परदेशी विद्यापीठांच्या पदव्यांबद्दलही आयोगाने २०२३ च्या अखेरीस इशारा दिला आहे. दूरशिक्षणात राज्याच्या विद्यापीठाला आपल्या हद्दीबाहेर केंद्र चालवता येत नाही. ऑनलाइनला ही हद्द नाही, पण तिथे केंद्राचीही गरज नाही. तेव्हा बाजारपेठेतल्या एखाद्या गाळ्यावर दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाचं ‘अभ्यासकेंद्र’ अशी पाटी दिसली, तर आत न शिरलेलंच बरं.

चौथी गोष्ट पैशाची. ‘सोपे हप्ते’ म्हणजे बहुतेक वेळा फीचे हप्ते नसतात. ते एखाद्या वित्तकंपनीचं कर्ज असतं, आणि त्यावर सही तुमची असते. कोर्स सोडला तरी कर्ज सुटत नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये शैक्षणिक कंपन्यांबाबत नागरिकांना सावध केलं, त्यात न सांगता गळ्यात मारलेल्या कर्जांचा आणि खात्यातून आपोआप पैसे वळते करून घेण्याचा उल्लेख होता. बचत गटात कर्जाचा कागद वाचल्याशिवाय अंगठा उमटवू नये असं आपण बायकांना सांगतो. मोबाईलवर ‘मान्य आहे’ हे बटण दाबणं म्हणजे अंगठाच. आणि फी विद्यापीठाच्या खात्यात, पावती विद्यापीठाच्या नावाची, यात तडजोड नको. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली मुलींना दिलेली फीमाफीही अनेक जाहिरातींत घुसडली जाते. ती मर्यादित उत्पन्नगटातल्या मुलींना, केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाण्यासाठी आहे. घरबसल्या करायच्या एम.ए.ला ती लागू आहे असं समजून अर्ज करू नका.

पाचवी गोष्ट भाषेची. कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं तेव्हा बायकांना मातृभाषेतून उच्च शिक्षण मिळावं हा त्यांचा आग्रह होता. शंभर वर्षांनंतर आलेलं बहुतेक ऑनलाइन शिक्षण मात्र इंग्रजीत आहे. जिची सगळी समज मराठीत घडली आहे, जी कोर्टात, चावडीवर, सासरच्या ओसरीवर मराठीत भांडली आहे, तिला व्याख्यान इंग्रजीत ऐकायचं आणि उत्तरही इंग्रजीत लिहायचं, असं झालं की ती स्वतःला अडाणी समजू लागते. माध्यम कोणतं, साहित्य कोणत्या भाषेत, उत्तरपत्रिका कोणत्या भाषेत लिहिता येते, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत; तिन्ही विचारा. मुक्त विद्यापीठाचे बरेच शिक्षणक्रम मराठीत आहेत, ते आधी पाहा.

सहावी गोष्ट, आणि ही कुणीच विचारत नाही. ‘किती लवकर होईल’ हे सगळ्याजणी विचारतात. ‘किती उशिरापर्यंत करता येईल’ हे विचारा. इग्नूमध्ये दोन वर्षांचं मास्टर्स चार वर्षांपर्यंत पूर्ण करता येतं. चार वर्षांत तेच २४०० तास रोज पावणेदोन तासांच्या आत बसतात. नव्या आराखड्यात दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचं पहिलं वर्ष पूर्ण करून पदव्युत्तर पदविका घेऊन थांबता येतं, आणि मिळवलेले श्रेयांक खात्यावर राहतात. सरकारच्या ‘स्वयम्’ या मंचावर एखादा विषय विनाशुल्क शिकून पाहता येतो; अभ्यास झेपतो का, घरातलं कोण साथ देतं आणि कोण कुरकुरतं, याचा त्यातून अंदाज येतो. ज्या बाईचं मूल आजारी पडतं, सासू अंथरुणाला खिळते, ऊसतोडीच्या हंगामात जिचं केंद्रच बंद असतं, तिला वेगापेक्षा थांबून पुन्हा सुरू करता येण्याची सोय जास्त मोलाची आहे.

आता आपल्या संघटनांबद्दल. कार्यकर्तीला पदवी लागते आणि ती मिळाली की संस्थेला प्रकल्प मिळतो, तर तिच्या शिक्षणाचा भार तिने एकटीने का उचलावा? परीक्षेच्या काळात तिला पगारी रजा द्या. संस्थेचा संगणक आणि एक शांत खोली संध्याकाळी दोन तास अभ्यासासाठी मोकळी ठेवा. परीक्षेचा कॅमेरा तिथे सुरू होऊ दे. तीन-चार तालुक्यांतल्या शिकणाऱ्या बायकांचा मिळून एक अभ्यासगट करा, महिन्यातून एक रविवार एकत्र बसा, त्या दिवशी मुलं सांभाळायची पाळी लावा. हरवलेलं संपर्कसत्र आपण स्वतःच परत आणू शकतो. आणि घरातल्या पुरुषांशी त्या २०१ मिनिटांबद्दल बोला. शिबिरात बोलतो तसं नको. वहीत लिहून दाखवा, कोणतं काम, किती मिनिटं, कोण करणार. बायको शिकते याचं कौतुक चारचौघांत करणारे पुष्कळ भेटतात. तिच्या परीक्षेच्या महिन्यात भाकरी थापणारे अजून शोधावे लागतात.

सरकार आणि विद्यापीठांकडेही आपल्या मागण्या जायला हव्यात. राष्ट्रीय श्रेयांक आराखडा २०२३ साली आला, त्यात कामाच्या अनुभवालाही श्रेयांक देण्याचं तत्त्व मान्य केलेलं आहे. मग वीस वर्षं कौटुंबिक हिंसेच्या केसेस हाताळलेल्या बाईचा अनुभव एमएसडब्ल्यूच्या क्षेत्रकार्यात का धरू नये? तिची केसनोंदींची वही हा क्षेत्रकार्याचा अहवाल का नाही? खरी वेगवान पदवी हीच होईल. तिच्यात अभ्यास टाळलेला नसेल, बाईने आधीच करून ठेवलेला अभ्यास मोजलेला असेल. तालुक्याच्या ठिकाणी पाळणाघरासह परीक्षाकेंद्र, मराठीतून साहित्य, आणि विशेष कक्ष, सखी केंद्र अशा जागांच्या भरतीत अनुभवी कार्यकर्तीला सेवेत राहून पदवी पूर्ण करण्याची मुदत, या मागण्या आपण एकत्रितपणे मांडायला हव्यात. पदवीची अट घालणाऱ्यांनी ती पदवी बाईच्या आवाक्यात आणण्याची जबाबदारीही घ्यायला हवी.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा प्रवेशाचं एखादं सत्र सुरू असेल किंवा तोंडावर आलेलं असेल. तुमच्या गटात कुणी अर्ज भरत असेल तर हा मजकूर तिच्याबरोबर बसून वाचा. भरणारी एकटी नसली की फसवणारे बिचकतात, हा आपला पोलीस चौकीवरचा अनुभव आहे. तो इथेही लागू पडतो. आणि ज्यांनी घर, नोकरी, चळवळ सांभाळून दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिक्षण पूर्ण केलं आहे, ज्यांनी मध्येच सोडलं आहे, ज्यांचे पैसे बुडाले आहेत, त्या सगळ्यांनी आम्हाला लिहा: वेळ कुठून काढला, कुणी साथ दिली, काय अडलं. नाव नको असेल तर नावाशिवाय छापू. विद्यापीठांकडे आणि महिला व बालविकास खात्याकडे मागण्यांचं निवेदन घेऊन जायचं आहे. त्याला तुमच्या अनुभवांचा आधार लागेल.